नेत्र रुग्णालयाच्या ओपीडीत दृष्टी गेलेल्यांसाठी मदत-कक्ष: सुरुवात कुठून करावी?

तालुका_नेत्रालय (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमचं ट्रस्टचं नेत्र रुग्णालय तालुक्याच्या गावी आहे. मोतीबिंदूची कामं भरपूर होतात. पण काचबिंदूत नस सुकलेले, मधुमेहाने पडदा गेलेले, आरपीचे (रेटिनायटिस पिग्मेंटोसा, पडद्याचा आनुवंशिक आजार), मॅक्युला (पडद्याचा मधला भाग) खराब झालेले असे रुग्णही येतात. डॉक्टर त्यांना "आता औषधाने किंवा ऑपरेशनने नजर वाढणार नाही" असं सांगतात. केसपेपर हातात देऊन रुग्ण घरी जातो आणि बहुतेक वेळा पुन्हा येतच नाही. ट्रस्टींनी आता एक छोटी खोली आणि एक पूर्ण वेळ माणूस द्यायचं मान्य केलं आहे. एक ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारा) आधीपासून आहे.

विचारायचं ते असं. या कक्षात नेमकं काय चालावं? पहिल्या खेपेला कोणती साधनं घ्यावीत? दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आम्ही सिव्हिलला पाठवतो, पण बरेच जण हात हलवत परत येतात, ते का? आणि घरी गेल्यावर रुग्णाचं काय होतं, यावर लक्ष कसं ठेवायचं? "समुपदेशन करा" याच्या पुढचं, प्रत्यक्ष करता येईल असं सांगावं ही विनंती.

---

समाजसेवा_कक्ष

चांगलं काम हाती घेताय. आधी जागेचं बोलते. खोली डॉक्टरांच्या तपासणी-खोलीच्या शेजारी हवी. वरच्या मजल्यावर किंवा मागच्या इमारतीत दिलीत तर निम्मे रुग्ण तिथवर पोचणारच नाहीत. "इलाज नाही" हे ऐकल्यावर माणूस थेट गेटकडे चालू लागतो. म्हणून डॉक्टरांनी वाक्य तिथे तोडायचं नाही. "नजर वाढवण्याचा उपाय नाही, पण आहे त्या नजरेत काम कसं करायचं ते शेजारच्या खोलीत दाखवतील, आत्ताच जाऊन या" असं म्हणून सिस्टरने किंवा मावशींनी हाताला धरून रुग्णाला आणून सोडायचं. नुसत्या चिठ्ठीवर कोणी येत नाही. पाठवायचा निकषही डॉक्टरांच्या टेबलावर लिहून लावा: चष्म्यासकट चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी (६/१८ म्हणजे निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं), किंवा नजरेचं क्षेत्र (समोर बघताना आजूबाजूचं जेवढं दिसतं ते) आक्रसलेलं, किंवा आकडे काहीही असोत, "वाचता येत नाही, रस्त्यावर भीती वाटते" अशी तक्रार. पूर्ण आंधळं होण्याची वाट बघायची नसते. थोडी नजर शिल्लक असते तेव्हाच शिकणं सोपं जातं.

पहिल्या भेटीत सल्ल्यांचा मारा करू नका. ते सगळं ऐकण्याच्या मनःस्थितीत माणूस नसतो. पंधरा-वीस मिनिटं फक्त विचारा: घरी कोण असतं? स्वयंपाक कोण करतं? औषधं कोण देतं? इन्सुलिन घेता का, आणि मात्रा कोण बघतं? पडलात का गेल्या काही महिन्यांत? गाडी चालवता का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच होतो, पण विचाराच. क्षेत्र आक्रसलेला काचबिंदूचा रुग्ण सरळ समोरचं स्वच्छ बघतो, मोटरसायकल चालवत असतो आणि बाजूने येणारा माणूस त्याला दिसत नाही. मग एकच गोष्ट विचारा: "कोणतं एक काम पुन्हा जमलं तर बरं वाटेल?" कोणी पोथी म्हणतं, कोणी पोस्टाचं पासबुक, कोणी सुईत दोरा. काम तिथून सुरू करा.

आता एक प्रश्न जो जवळपास कोणीच विचारत नाही आणि जो सगळ्यांना विचारायला हवा: "समोर नसलेली माणसं, लहान मुलं, फुलं, जाळ्या, नक्षी असं काही दिसतं का?" नजर बरीच गेल्यावर मेंदू स्वतःच चित्रं उभी करतो. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. १८व्या शतकात त्या नावाच्या स्विस अभ्यासकाने आपल्या आजोबांच्या बाबतीत हे लिहून ठेवलं होतं. आवाज ऐकू येत नाहीत, दिसतं ते खरं नाही हे रुग्णाला सहसा कळत असतं, आणि हा वेडाचा प्रकार नाही. पण आजी हे सांगत नाहीत, कारण घरचे "डोकं फिरलं" म्हणतील किंवा कोणा देवऋष्याकडे नेतील. तुम्ही आपणहून विचारलंत की खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा चेहरा होतो. चित्र दिसू लागलं की दिवा लावायचा, जागेवरून उठायचं, डोळे डावीकडून उजवीकडे भराभर काही वेळा फिरवायचे, पापण्या मिटून उघडायच्या. बऱ्याच जणांचं हळूहळू कमी होत जातं. सोबत आवाज येत असतील, गोंधळ उडत असेल, नातेवाईक ओळखू येत नसतील, तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवा, ते प्रकरण वेगळं असू शकतं.

मन खचल्याचं दोन प्रश्नांत कळतं. गेल्या दोन आठवड्यांत उदास, निराश वाटतं का? पूर्वी आवडायचं त्यात मन लागत नाही का? "बहुतेक रोजच" असं उत्तर आलं तर सोडून देऊ नका. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हेही स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास, मोफत आहे. नंबर नुसता लिहून देऊ नका, तुमच्याच फोनवरून तिथे बसून लावून द्या.

---

लो_व्हिजन_ऑप्टो

साधनांचं मी सांगतो, पण त्याआधी एक अडचण. ज्या दिवशी डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, त्या दिवशी लो व्हिजन (अल्पदृष्टी, म्हणजे चष्मा लावूनही कमीच राहणारी नजर) तपासणी करू नका. जवळचं धूसर होतं, उजेड डोळ्यावर येतो, चार-सहा तास खरं माप मिळत नाही. कोणतंही भिंग "जमत नाही" असं ठरतं आणि रुग्ण कायमचा निराश होतो. एक तर थेंबाआधी तपासा, नाही तर वेगळ्या दिवसाची वेळ द्या. पहिल्या तपासणीला पाऊण ते एक तास लागतो. ओपीडीच्या गर्दीत मधेच ती बसवता येत नाही. आठवड्यातल्या दोन दुपारी राखून ठेवा.

सुरुवातीला नंबर नीट काढा. लो व्हिजन म्हणून पाठवलेल्यांत नुसता चष्मा बदलून दोन ओळी जास्त वाचणारे निघतात. ६ मीटरच्या तक्त्यावर पहिलं अक्षर दिसलं नाही की "बोटं मोजतो" लिहून मोकळे होऊ नका. तक्ता ३ मीटरवर, मग १ मीटरवर आणा आणि ३/६०, १/६० असं लिहा. प्रमाणपत्रालाही तेच लागतं.

जवळच्यासाठी हिशेब सोपा आहे. रुग्ण २५ सेंटिमीटरवर एन ३२ वाचतो (जवळच्या तक्त्यावरचं अक्षराचं माप, आकडा मोठा तेवढं अक्षर मोठं) आणि त्याला एन ८ वाचायचं आहे, म्हणजे चौपट मोठं हवं. एकपट म्हणजे ४ डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं माप) धरतात, म्हणून १६ डायॉप्टर. अशा भिंगाचं वाचायचं अंतर १०० भागिले १६, म्हणजे साधारण सव्वासहा सेंटिमीटर. हे अंतर पट्टीने मोजून दाखवा. बहुतेकांचं भिंग "चालत नाही" ते याच कारणाने, ते हातभर लांब धरून बघतात. आणि हिशेबात आलेली ताकद म्हणजे जेमतेम अक्षर ओळखण्यापुरती. सलग वाचायचं असेल तर त्याहून थोडी वरची लावून बघावी लागते. वाढवताना भान ठेवा: ताकद वाढली की भिंगात मावणारी अक्षरं कमी होतात. औषधाच्या पट्टीवरची तारीख बघायला हे चालतं, पण अख्खी पोथी तीन-तीन अक्षरांनी वाचायला कोणी बसत नाही.

हातात धरायचं भिंग आणि स्टँडचं भिंग यांत एक फरक आहे जो दुकानदार सांगत नाही. हातातलं भिंग आधी कागदावर टेकवायचं, मग अक्षर मोठं आणि स्वच्छ होईपर्यंत हळूहळू उचलायचं आणि तिथेच धरायचं. असं वापरताना लांबचा चष्मा चालतो. बायफोकलच्या खालच्या भागातून बघितलं तर उलट गोंधळ होतो. स्टँडचं भिंग कागदावरच बसलेलं असतं, त्याच्यासोबत जवळचा चष्मा लागतो. हात थरथरत असेल तर स्टँडचंच द्या, शक्यतो आत एलईडी दिवा असलेलं.

दोन्ही डोळे साधारण सारखे असतील तर प्रिझम असलेले अर्धे चष्मे उत्तम, हात मोकळे राहतात. त्यात जाड बाजू नाकाकडे केलेला प्रिझम (पाचरीसारखी काच) असतो, प्रत्येक डोळ्याला डायॉप्टरपेक्षा दोनने जास्त: ६ ला ८, ८ ला १०, १० ला १२. १२ डायॉप्टरच्या वर गेलात की एकाच डोळ्याने वाचायची सवय लावावी लागते.

पहिल्या खेपेला एवढं पुरे: हातातली भिंगं तिप्पट, चौपट आणि पाचपट, प्रत्येकी दोन. स्टँडची चौपट, सहापट, आठपट. ४ ते १२ डायॉप्टरच्या प्रिझम चष्म्यांचा एक संच. लांबचं बघायला अडीचपट आणि चौपट दुर्बीण, एकेक. पिवळे, नारिंगी आणि करडे फिल्टर (रंगीत काचा). मान वळवता येणारा एलईडी टेबल-लॅम्प आणि तिरपा वाचन-स्टँड. काळी जाड शाईची पेनं आणि ठळक रेघांच्या वह्या जरा जास्तच घ्या. ओळ-खिडकी तर घरीच होते. काळ्या कार्डबोर्डमध्ये १५ सेंटिमीटर लांब आणि दीड-दोन सेंटिमीटर उंच फट कापा. ती ओळीवर ठेवली की बाजूच्या पांढऱ्या कागदाची चमक जाते आणि ओळ सुटत नाही. बॅंकेच्या स्लिपवर सही करायलाही हीच. हे साधन फुकटात होतं आणि सगळ्यांत जास्त वापरलं जातं, म्हणून ढीगभर कापून ठेवा.

आजाराप्रमाणे भान ठेवा. मॅक्युला गेलेल्याला मधोमध डाग दिसतो. त्याला नजर थोडी बाजूला ठेवून बघायला शिकवावं लागतं. घड्याळाची तबकडी कल्पून आधी १२ कडे, मग ३, ६, ९ कडे बघायला सांगा आणि मधला चेहरा कुठे बघताना जास्त स्पष्ट होतो ते शोधा. ती दिशा सापडली की रोज दहा-दहा मिनिटं सराव. याउलट आरपीत आणि पुढे गेलेल्या काचबिंदूत नळीतून बघितल्यासारखं दिसतं. तिथे चित्र मोठं केलं तर ते नळीबाहेर जातं. अशांना भिंगापेक्षा उजेड, ठळक रंगफरक, टोपीची झाप आणि संध्याकाळसाठी चांगली बॅटरी जास्त कामाची. दिवा चांगल्या डोळ्याच्या बाजूने, खांद्याच्या मागून आणि पुस्तकावर पडेल असा. डोक्यावरची ट्यूबलाइट वाचायला निरुपयोगी.

साधन त्याच दिवशी विकू नका. आठवडाभर घरी वापरायला द्या. ओपीडीतल्या उजेडात जे जमलं ते घरच्या माजघरात जमेलच असं नाही.

---

तालुका_नेत्रालय

दोघांचेही आभार. थेंबांचा मुद्दा आमच्याकडे तंतोतंत लागू आहे, लो व्हिजनची तपासणी आम्ही शेवटी, थेंबांनंतरच करत होतो. ते बदलतो. प्रमाणपत्राबद्दल कोणी सांगेल का? तिथे काय अडतं?

---

दाखला_मार्गदर्शक

अडतं ते बहुतेक तुमच्या केसपेपरवर. ट्रस्टच्या किंवा खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र होत नाही. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून, शासनाने नेमलेल्या रुग्णालयात (सिव्हिल, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वगैरे) तपासणी होते आणि त्यावरून प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) निघतं. पण तुमचा सारांश नीट असेल तर तिथलं काम सोपं होतं. सारांशात हवं ते असं: दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी नजर, चष्मा लावून, आकड्यात. आजाराचं नाव. उपचाराने सुधारणा शक्य आहे की नाही, एका वाक्यात. क्षेत्राची तपासणी केली असेल तर मूळ प्रिंट. "दृष्टी कमी" एवढंच लिहिलेल्या कागदाला काही किंमत नाही.

टक्केवारी कशी ठरते हे कक्षातल्या माणसाला पाठ हवं, म्हणजे रुग्णाला खोटी आशा दाखवली जाणार नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सगळा हिशेब चांगल्या डोळ्यापासून सुरू होतो. चांगला डोळा ६/१८ किंवा त्याहून बरा असेल तर दुसरा पूर्ण गेला तरी ३०%. सवलतींसाठी लागणारे ४०% होत नाहीत. सगळ्यांत जास्त मनस्ताप इथेच होतो. एक डोळा गमावलेल्या माणसाला कोणीतरी "सर्टिफिकेट मिळेल" सांगून तीन-तीन खेपा घालायला लावतं. चांगला डोळा ६/२४ ते ६/६० मध्ये असेल तर दुसऱ्या डोळ्याच्या स्थितीप्रमाणे ४०, ५० किंवा ६०%. चांगला डोळा ६/६० पेक्षा कमी ते ३/६० असेल तर ७० किंवा ८०%. ३/६० च्या खाली ९०%, आणि फक्त हात हलल्याचं किंवा उजेड तेवढा कळत असेल, किंवा तोही नाही, तर १००%.

क्षेत्राचा मुद्दा सर्रास सुटतो. आरपीचा रुग्ण समोरचं ६/१२ वाचतो आणि तक्ता बघून "काही नाही" म्हणून परत पाठवला जातो. त्याचं क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असेल तर तो कायद्याने अल्पदृष्टी, आणि १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंध, नजरेचा आकडा काहीही असो. २०१६ च्या कायद्यातली व्याख्या तशी आहे. म्हणून आरपी आणि काचबिंदूच्या प्रत्येक अर्जाला क्षेत्राची तपासणी जोडाच.

परत पाठवायची आणखी कारणं: एका डोळ्यात काढण्याजोगा मोतीबिंदू तसाच आहे (आधी ऑपरेशन करून या म्हणतात, आणि ते बरोबरच आहे). चष्म्याशिवायची नजर लिहिली आहे. आधार कार्डावरचं आणि अर्जातलं नाव जुळत नाही. अर्जात नातवाचा मोबाइल नंबर दिला आणि नातू पुण्याला, त्यामुळे तपासणीच्या तारखेचा निरोप पोचलाच नाही. अर्ज तुमच्या कक्षातच भरून द्या, पोचपावती छापून हातात द्या, आणि सिव्हिलमध्ये नेत्र-तपासणीचा वार कोणता ते आधी फोन करून विचारा. खेड्यातून माणूस सोबत घेऊन येणाऱ्याची एक खेप म्हणजे दोघांची मजुरी.

प्रमाणपत्र हाती आल्यावर काय, तेही सांगून ठेवा. ४०% पासून एसटीत तिकिटात ७५% सवलत, आणि ६५% पासून सोबत्यालाही निम्मी. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला, उत्पन्नाच्या दाखल्यासह. रेल्वेत मात्र अंधांसाठीची सवलत पूर्ण दृष्टिहीनांनाच आहे. अल्पदृष्टी असलेल्याला "रेल्वेपण मिळेल" असं सांगू नका.

---

पांढरी_काठी

वरती डोळ्यांचं आणि कागदांचं झालं, आता चालण्याचं आणि घरचं. याला सुरुवात तुमच्या रुग्णालयातूनच करा. सगळ्या कर्मचाऱ्यांना, गेटवरच्या वॉचमनपासून, अर्ध्या तासात शिकवता येतं. अंध माणसाचं मनगट धरून ओढायचं नाही, पाठीमागून ढकलायचंही नाही. आपल्या हाताची मागची बाजू त्याच्या हाताला लावायची. तो आपल्या कोपराच्या जरा वर धरतो आणि अर्धं पाऊल मागे चालतो. आपल्या शरीराच्या हालचालीवरून त्याला वळण कळतं. अरुंद जागा आली की आपला हात पाठीमागे न्यायचा, तो आपोआप मागे येतो. जिन्यापाशी थांबायचं आणि "चढायचा आहे, कठडा उजवीकडे" एवढं बोलायचं. खुर्चीत ढकलून बसवायचं नाही, खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात ठेवायचा, बाकी तो करतो. निघताना "मी जातोय" सांगायचं आणि त्याला मोकळ्या जागेत उभं न सोडता भिंतीपाशी किंवा खुर्चीपाशी सोडायचं. प्रश्न सोबत आलेल्या मुलाला नाही, रुग्णाला विचारायचे.

नुसते टोकन नंबरचे लाल दिवे लावलेत तर ज्यांच्यासाठी दवाखाना आहे त्यांनाच ते दिसत नाहीत. नावाने हाक मारा. पायऱ्यांच्या कडेला पाच सेंटिमीटरचा पिवळा पट्टा, काचेच्या दाराला डोळ्यांच्या उंचीवर ठळक पट्टी, आणि पाट्या चकचकीत ॲक्रिलिकच्या न करता मॅट, काळ्यावर पिवळी मोठी अक्षरं.

पांढरी काठी शिबिरात वाटतात आणि ती दाराआड पडून राहते, कारण शिकवलेलं नसतं आणि उंची चुकीची असते. सरळ उभं राहिल्यावर काठी जमिनीपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत यायला हवी. चालताना टोक खांद्यांच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे जरासं बाहेर जाईल एवढी कमान करायची, आणि डावं पाऊल पुढे पडताना टोक उजवीकडे, उजवं पडताना डावीकडे. म्हणजे पुढचं पाऊल पडणार ती जागा आधी तपासलेली असते. उघडं गटार, पायरी, दगड काठीला कळतात. कमरेच्या वरचं काही, म्हणजे उभ्या ट्रकचं मागचं फळकूट किंवा उघडी खिडकी, काठीला कळत नाही. त्यासाठी आयआयटी दिल्लीत तयार झालेली स्मार्टकेन आहे. ती ध्वनिलहरींनी वरचा अडथळा ओळखून मुठीत थरथरते. पण साधी काठी शिकल्यावरच ती द्यायची.

स्वयंपाकघरात आधी गॅस. बटणाच्या "बंद" जागेला चिकट टिकली किंवा फेव्हिकॉलचा वाळलेला ठिपका लावा, बोटाला लागतो. भांडं आधी शेगडीवर मधोमध ठेवायचं आणि मग पेटवायचं, उलट नाही. पदर, ओढणी खोचून. मिसळणाच्या डब्यातला क्रम एकदा ठरवला की घरात कोणीच बदलायचा नाही. मीठ आणि साखर सारख्या डब्यांत नकोत. भात गडद ताटात, वांगी-कोथिंबीर पांढऱ्या पाटावर चिरायला घ्या. चकाकणारं स्टील अल्पदृष्टीच्या डोळ्याला त्रासाचं असतं.

थेंबांच्या बाटल्या सगळ्या सारख्याच लागतात हाताला. रबरबँड लावा: दिवसातून एकदाच्या औषधाला एक, दोनदाच्याला दोन. काचबिंदूच्या दोन औषधांत निदान पाच मिनिटं अंतर, नाही तर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. इन्सुलिन पेनचे टिकटिक आवाज मोजून मात्रा लावणारे बरेच आहेत. नुसत्या आवाजावर विसंबू नये, भिंगाने किंवा घरच्या माणसाकडून आकडा बघून घ्यावा.

नोटा ओळखणं शिकवायला एक तास पुरतो. नव्या मालिकेत रुंदी सारखी ठेवून लांबी वाढत जाते: १०० ची १४२ मिलिमीटर, २०० ची १४६, ५०० ची १५०. चार मिलिमीटरचा फरक एकटी नोट हातात असताना कळत नाही. पुठ्ठ्याची पट्टी करून तिला खुणा पाडा. कडेच्या उठावदार रेघाही आहेत, १०० ला चार, २०० ला चार आणि मध्ये दोन वर्तुळं, ५०० ला पाच, पण जुन्या मळलेल्या नोटांत त्या पुसट होतात. फोन असेल तर रिझर्व्ह बँकेचं मणी ॲप टाकून द्या. २०२० पासून आहे, इंटरनेटशिवाय चालतं, नोट बोलून सांगतं. खरी-खोटी मात्र ते सांगत नाही.

फोन तर आता भिंगाहून मोठं साधन झालंय. अँड्रॉइडवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून सांगणारी सोय) चालू करून द्या, पण घाई करू नका. टॉकबॅक चालू असताना एकदा स्पर्श केला की नाव बोलतं, दोनदा टिचकी मारली की उघडतं. हे न सांगता चालू केलंत तर "फोन बिघडला" म्हणून दुसऱ्या दिवशी परत येतील. बंद करायची खूणही शिकवा, दोन्ही आवाजाची बटणं तीन सेकंद एकत्र दाबायची. पहिल्या दिवशी फक्त फोन लावणं आणि उचलणं.

---

लंडनहून_वाचतोय

इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांत बऱ्याच ठिकाणी डोळ्यांच्या विभागात अशी नेमलेली व्यक्ती असते, ईसीएलओ म्हणतात. डॉक्टर नाही, नर्स नाही, रुग्ण आणि बाहेरच्या सेवा यांच्यामधला दुवा. तिथे दृष्टिदोषाच्या प्रमाणपत्रावर रुग्णालयातला नेत्रतज्ज्ञच सही करतो आणि प्रत थेट स्थानिक कौन्सिलकडे जाते. कौन्सिलने दोन आठवड्यांत रुग्णाशी संपर्क करायचा असतो. म्हणजे पुढचं पाऊल उचलायची जबाबदारी रुग्णावर नसते. भारतातली रचना वेगळी आहे, पण ही एक गोष्ट उचलता येईल: रुग्णाला "तुम्ही तिकडे फोन करा" न सांगता, त्याची परवानगी घेऊन तुम्हीच पुढच्या संस्थेला कळवायचं आणि त्यांनी त्याला फोन करायचा.

---

विशेष_शिक्षक

मुलांचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. लहान मूल पुस्तक नाकाला लावून वाचतं तेव्हा आई-वडील आणि शिक्षक रागावतात, "डोळे बिघडतील". बिघडत नाहीत. अल्पदृष्टीच्या मुलाचं तेच भिंग असतं, कारण लहान डोळ्याची जवळ जुळवून घ्यायची ताकद भरपूर असते. हे पालकांना आणि शाळेला लेखी द्या, रुग्णालयाच्या लेटरहेडवर. त्याच पत्रात लिहा: पहिल्या बाकावर, खिडकीकडे तोंड न करता. फळ्याजवळ उठून जायची मुभा. शिक्षकांनी लिहिताना मोठ्याने वाचावं. तिरपं बाक. फळ्यासाठी चौपट दुर्बीण. "शक्य ती मदत करावी" अशा पत्राने शाळेत काही हलत नाही.

तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक असतात, त्यांच्याशी तुमचा कक्ष जोडून घ्या. मोठ्या अक्षरांची किंवा ब्रेल पुस्तकं, लेखनिक, परीक्षेतला जादा वेळ हे सगळं त्यांच्यामार्फत सोपं पडतं. केंद्राच्या सूचनांनुसार जादा वेळ तासाला २० मिनिटं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, टॅबवर मोठी करून वाचता येतात. मात्र कित्येक मराठी पीडीएफ युनिकोडमध्ये (संगणकाला अक्षरं ओळखता येतील अशा पद्धतीत) नसतात, तिथे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर अडखळतं. बोलत्या पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, तिथलं सदस्यत्व संलग्न संस्थेमार्फत मिळतं. मुंबईत एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र आणि नॅब ही अंधांसाठीची संस्था, दोन्हीकडे विचारणा करता येईल.

---

तालुका_नेत्रालय

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. शेवटचं: पाठपुरावा कसा नोंदवायचा? आमच्याकडे संगणक आहे, पण माणूस एकच.

---

समाजसेवा_कक्ष

एक जाड वही पुरे, सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका. रकाने असे: नाव, गाव, स्वतःचा आणि घरच्या एकाचा फोन, दोन्ही डोळ्यांची नजर, आजार, "पुन्हा जमायला हवं ते एक काम", दिलेलं साधन, प्रमाणपत्र कुठवर आलं, आणि पुढच्या फोनची तारीख. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ओळ अपूर्ण समजायची.

फोन तीन वेळा: आठवड्याने, महिन्याने, तीन महिन्यांनी. "कसं आहे?" विचारलंत तर "बरं आहे" एवढंच उत्तर येतं. "भिंग आज कशासाठी वापरलंत?" असं विचारा. वापरलं नसेल तर तीनपैकी एक कारण निघतं: अंतर चुकतंय, उजेड कमी आहे, किंवा चारचौघांत काढायची लाज वाटते. पहिल्या दोन गोष्टी फोनवर सुटतात. तिसरीसाठी परत बोलवा, आणि त्याच दुपारी आधीपासून भिंग वापरणाऱ्या दुसऱ्या रुग्णालाही बोलवा. दोघांना एकाच बाकावर बसवा आणि तुम्ही चहा सांगायला बाहेर जा.

वहीत आणखी एक पान करा: प्रमाणपत्रासाठी गेलेल्यांपैकी कोण परत आलं आणि का. दोन महिन्यांनी ते पान सिव्हिलच्या नेत्र-विभागात घेऊन जा आणि तिथल्या डॉक्टरांना दाखवा. सारांशाचा नमुना त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्या आणि तोच छापून वापरा.